वस्तीत कला केंद्र उभं करताना: आधी माणसं, मग मानधन, मग जागा

वस्तीत कला केंद्र काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत जागेचा विषय निघतो. कुणाची नगरसेवकाशी ओळख असते, कुणाला बंद पडलेली व्यायामशाळा माहीत असते, आणि तासभर त्यातच जातो. माझं म्हणणं असं की जागेचा विषय दोन महिने बाजूला ठेवा. आपल्याकडे कलेतून न्यायाची बाजू मांडणाऱ्यांचं काम जागेवाचून कधी अडलं नाही. सत्यशोधक जलसे, म्हणजे गाण्यांतून आणि सोंगांतून समाजसुधारणा सांगणारे कार्यक्रम, पारावर आणि जत्रांत झाले, आंबेडकरी जलसे त्याच वाटेनं वस्त्यावस्त्यांत गेले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, ते कामगार वस्त्यांतून आणि मैदानांतून गाणारं पथक होतं. आज उलटं दिसतं. आमदार निधीतून बांधलेला हॉल असतो, बाहेर पाटी असते, आणि आत लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या असतात.

हा लेख शहरातली एखादी वस्ती किंवा तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पाच-सात जणांचा गट आहे, हाताशी पैसा थोडा आहे, आणि केंद्रातून फक्त छंदवर्ग चालवायचे नाहीत, वस्तीचे प्रश्नही मांडायचे आहेत, असं धरून चला.

कोण काय करतं, त्याची वही

दोघादोघांच्या जोड्या करा आणि घरोघरी फिरा. ‘तुमच्याकडे कलावंत कोण आहे?’ असं विचारलंत तर उत्तर ‘कुणी नाही बाबा’ असंच येईल. त्याऐवजी विचारा: लग्नात कोण वाजवतं? जयंतीला गाणी कोण बसवतं? बारशाला पाळणा कोण म्हणतं? गणपतीची आरास कोण करतं? मग नावं भराभर येतात. बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा, भजनी मंडळातला पखवाजवाला, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आजी, मोबाईलवर रॅप रेकॉर्ड करणारी पोरं, फ्लेक्स आल्यापासून कुंचला बाजूला ठेवलेला पेंटर.

वहीत सहा रकाने पुरेत: नाव, काय येतं, कुणाकडून शिकले, शेवटचं कधी सादर केलं, त्याचे पैसे मिळतात का, आणि शिकवायला आवडेल का. शेवटचे दोन रकाने सगळ्यांत कामाचे. पाचव्या रकान्यातून कळतं की कुणाचं पोट या कलेवर आहे आणि तुम्ही फुकट वर्ग काढून कुणाच्या पोटावर पाय देणार आहात. सहाव्यात ‘नाही’ आलं तर कारण विचारा, पण आग्रह करू नका. का ते पुढे येतंच.

ज्या कलेला जात चिकटली आहे

या कामातली सगळ्यांत अवघड जागा हीच आहे, आणि बहुतेक उत्साही मंडळी इथंच घसरतात.

हलगीचं उदाहरण घ्या. ऐकायला जबरदस्त वाद्य. पण गावगाड्यात हलगी वाजवणं हे ठरावीक जातींवर लादलेलं काम होतं. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, बोलावणं आलं की जायचं, आणि मिळेल ते घ्यायचं. आंबेडकरी चळवळीनं अशी गावकीची कामं सोडायला सांगितलं, आणि कित्येक घरांनी हलगी ठरवून खाली ठेवली. ती परंपरा विसरली गेली नव्हती, तो नकार होता. आता तुम्ही पन्नास वर्षांनी त्याच घरात जाऊन ‘काका, आपली लोककला जपायला हवी, पोराला हलगी शिकवा’ म्हणालात, तर काकांनी दार लावून घेतलं तरी त्यांचं काही चुकलं नाही.

मग काय करायचं? तीन गोष्टी. एक, शिकवायचं की नाही हे त्या घरानं ठरवायचं. वाद्य केंद्रात आलंच पाहिजे असा हट्ट नको. दोन, वर्गात सगळ्या जातींची पोरं-पोरी बसली पाहिजेत आणि शिकवणारा गुरुजींच्या जागी बसला पाहिजे, म्हणजे खुर्ची, चहा आणि महिन्याचं ठरलेलं मानधन. तीन, हलगीचा इतिहास हलगीबरोबरच शिकवायचा. ताल आधी आणि ‘ते जातीचं वगैरे नंतर बघू’ असं करू नका, कारण ते नंतर कधीच येत नाही.

लावणीचंही असंच. शहरात लावणीच्या कार्यशाळा भरतात, शुल्क घेतलं जातं, नऊवारीतले फोटो निघतात. ज्या समाजांतल्या बायकांनी ही कला पिढ्यान् पिढ्या अंगावर काढली, त्यांच्यातली एखादी ज्येष्ठ बाई उद्‌घाटनाला येते, शाल-श्रीफळ घेते आणि एस.टी.नं परत जाते. तुमच्या केंद्रात लावणीचा वर्ग काढायचा असेल तर ती बाई मुख्य शिक्षिका असली पाहिजे आणि शुल्कातला मोठा वाटा तिचा. ते जमत नसेल तर वर्ग काढू नका. पालघर-डहाणूकडच्या वारली चित्रांनाही हाच नियम लावा. या चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या चित्रकाराला बोलवा, प्रवासखर्च द्या, आणि लग्नचौक भिंतीवर का काढतात ते त्याच्याच तोंडून ऐका. यूट्यूब बघून गेरूवर पांढरी माणसं काढायला कला केंद्र कशाला हवं?

आता थोडं प्रत्यक्ष शिकवण्याविषयी. हलगी कातड्याची असते, पावसाळ्यात सैल पडते आणि आवाज बसतो. वाजवण्याआधी ती आगीवर धरून तापवतात. वाळलेलं गवत किंवा कागद पेटवून वरून फिरवायची, मध्येच बोटांनी टिचकी मारून बघायची, आवाज ‘थप’चा ‘टण’ झाला की बस. जास्त तापली तर कातडं फाटतं. हे काम हॉलमध्ये करू नका. बाहेर, पाण्याची बादली शेजारी ठेवून, मोठ्या माणसाच्या देखत. नव्या पोरांना आधी हलगी हातात देऊच नये असं जुने वाजवणारे सांगतात, आणि ते बरोबर आहे. पहिले काही दिवस एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि समोर जुनी सतरंजी. हात बसल्यावर वाद्य.

जागा कशी बघायची

आता जागा. सगळ्यांत सोपा पर्याय म्हणजे समाजमंदिर, शाळा सुटल्यावर रिकामे होणारे वर्ग किंवा बंद पडलेली बालवाडी. समाजमंदिर बहुधा ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या मालकीचं असतं. तोंडी परवानगीवर विसंबू नका. ‘अरे वापरा की, आपलंच आहे’ म्हणणारा माणूस पुढच्या निवडणुकीत पडला की कुलूप बदलतं. ग्रामपंचायत असेल तर मासिक सभेचा ठराव आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागा. शहरात संबंधित कार्यालयाचं लेखी पत्र. त्यात दिवस, वेळ, वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कुणाकडे, हे चारही आलं पाहिजे.

जागा बघायला जाताना एक बाई आणि जमलं तर व्हीलचेअर वापरणारं कुणीतरी बरोबर न्या. बाई पहिल्यांदा विचारेल ते म्हणजे संडास आहे का, आतून कडी लागते का, आणि रात्री परतीच्या वाटेवर दिवा आहे का. या तिन्हींना ‘हो’ नसेल तर तुमच्या केंद्रात फक्त पुरुष येतील, पाटीवर काहीही लिहा. पायऱ्या असतील तर उताराचं काम पहिल्याच खर्चात धरा.

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर वाचन आणि चर्चेच्या बैठका दुसरीकडे ठेवा. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. जुन्या गोधड्या आणि सतरंज्या दोन भिंतींवर टांगल्या तर बराच फरक पडतो.

वेळापत्रक वस्तीच्या घड्याळावर

नळाला पाणी येण्याच्या वेळेत तालीम ठेवली तर बाया येणार नाहीत. घरकामाला जाणाऱ्या बायकांना बहुधा दुपारी दोन ते चारच्या मध्ये तास मिळतो, मुलांना शाळेनंतर, कारखान्यात पाळीनं काम करणाऱ्यांना रविवारी किंवा रात्री आठनंतर. म्हणजे एकच ‘सायंकाळचा वर्ग’ सगळ्यांना पुरत नाही. तान्हं मूल घेऊन येणाऱ्या बाईसाठी कोपऱ्यात सतरंजी आणि मूल सांभाळणारं कुणीतरी असलं पाहिजे, आणि ते काम करणाऱ्यालाही मानधन द्या.

जयंत्यांपुरतं पथक होऊ नका, हा माझा आग्रह. ३ जानेवारी (सावित्रीबाई), ११ आणि १४ एप्रिल (फुले, आंबेडकर), १ मे (कामगार दिन), २६ जून (शाहू महाराज), १ ऑगस्ट (अण्णाभाऊ), २६ नोव्हेंबर (संविधान दिन), ६ डिसेंबर (महापरिनिर्वाण दिन): एवढ्या तारखांवर कार्यक्रम मिळतात, वर्ष भरल्यासारखं वाटतं आणि वस्तीचा प्रश्न तसाच राहतो. तारखांपैकी दोन-तीन घ्या, बाकी वेळ स्वतःच्या कामाला ठेवा.

नोंदणी

पहिले सहा-आठ महिने अनौपचारिक गट म्हणून काम करून बघा. भांडणं व्हायची ती तेवढ्यात होऊन जातात. मग नोंदणी.

महाराष्ट्रात साधा मार्ग म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था, आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. सातही जण एकाच जातीचे, एकाच घरातले किंवा सगळे पुरुष असतील तर नोंदणी होईल, पण केंद्र कुणाचं हे वस्तीला पहिल्या दिवशी कळेल. नियमावली दुसऱ्या संस्थेची उतरवून काढतात. ती निदान मोठ्यानं वाचून घ्या. त्यात तीन कलमं जरूर घाला: शिकवणाऱ्या कलावंतांचा कार्यकारिणीत किती वाटा, एका पदावर सलग किती वर्षं बसता येईल, आणि संस्था बंद पडली तर वाद्यं कुणाकडे जातील.

पैसा येतो कुठून, जातो कुठे

जातो कुठे ते आधी ठरवा. माझ्या मते वर्षाच्या खर्चातला निदान अर्धा भाग कलावंतांच्या हातात जायला हवा. ध्वनियंत्रणा, बॅनर आणि उद्‌घाटनाचा मंडप यांवर पैसा जातो आणि ढोलकीवाल्याला ‘पुढच्या वेळी बघू’ सांगितलं जातं, हे सामाजिक न्यायाच्या नावाखाली चालणाऱ्या जागांतही सर्रास दिसतं. मानधनाचे दर कागदावर लिहून भिंतीवर लावा. तालमीचेही पैसे द्या, प्रयोगाचे वेगळे. शाहिराला जास्त आणि मागून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना नावापुरतं, असं असू नये. दुपटीहून जास्त फरक मला पटत नाही. पैसे त्याच दिवशी, सही घेऊन.

येण्याच्या बाजूला सगळ्यांत भरवशाची रक्कम म्हणजे वस्तीची वर्गणी. महिना वीस रुपये देणारा माणूस हिशेब विचारतो, आणि त्यानं विचारावाच. देणगीला पावती लगेच फाडा. आयकर विभागाकडून करसवलतीची नोंदणी (१९६१ च्या आयकर कायद्यात तिला १२ए आणि ८०जी म्हणत) मिळाली की देणगीदाराला करसवलत मिळते. मात्र २,००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर ही सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी घ्यायचा तर सीएसआर-१ ची नोंदणी लागते. कंपनीला बहुधा फोटो आणि आकडे हवे असतात, वस्तीच्या प्रश्नावर बोट ठेवणारं पथनाट्य नको असतं. करारावर सही करण्याआधी त्यांना एकदा तालमीला बोलवा. बघून ज्यांना चालेल ते राहतील.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून मदत घेताना पुष्कळ गोंधळ होतो. अमेरिकेत किंवा आखातात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवा. तिथलं नागरिकत्व घेतलेली व्यक्ती किंवा तिथलं मंडळ यांच्याकडून मात्र परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, खात्यावर चुकून आला तरी सनदी लेखापालाला लगेच कळवा.

वस्तीतल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मासिक मानधन योजना आहे. तिचे अर्ज भरून देणं, कलेचे पुरावे जमवणं, जुन्या कार्यक्रमांची पत्रकं आणि कात्रणं शोधणं हे काम केंद्रानं अंगावर घ्यावं. याला टाळ्या मिळत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाच्या घरात दर महिन्याला पैसे येतात.

एक पथनाट्य, पहिल्यापासून

समजा, वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाचा प्रश्न घेतला. दिवे नाहीत, रात्री बायकांना जाता येत नाही, आणि वर पैसे घेतात. लगेच संहिता लिहायला बसू नका. आधी माहिती अधिकारात विचारा: देखभालीचा ठेका कुणाकडे, कराराची प्रत, ठरलेला दर, शेवटची दुरुस्ती कधी. अर्जाला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. तोवर बायकांच्या बैठका घ्या. आठवणी ऐका, पण कुणा एकीची गोष्ट जशीच्या तशी तिच्याच गल्लीत उभी करू नका. चार जणींच्या चार गोष्टींतून एक पात्र घडवा आणि प्रयोगाआधी चौघींना दाखवा. त्यांनी ‘हे काढा’ म्हटलं तर काढायचं, कितीही टाळीची जागा असली तरी.

रचनेसाठी तमाशाची जुनी चौकट अजूनही कामाला येते. सुरुवातीला गण, म्हणजे वंदनाचं गाणं, त्यात देवाच्या जागी माणसाला किंवा महापुरुषांना वंदन करण्याची रीत जलशांनी घालून दिलीच आहे. मग बतावणीच्या, म्हणजे विनोदी सवाल-जवाबाच्या ढंगात दोघांची जुगलबंदी: एक ठेकेदार, एक साधाभोळा, आणि करारातला दर विनोदात उलगडत जातो. मग मुख्य प्रसंग, आणि शेवटी मागणी. वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. कुणा अधिकाऱ्याचं किंवा ठेकेदाराचं नाव घेऊ नका. कागदावर आहे तेवढंच बोला. पथनाट्याची धार पक्क्या माहितीत असते, शिव्यांत नसते.

जागा निवडताना पाठीमागे भिंत असलेली घ्या, आवाज सुटत नाही. संध्याकाळचा सूर्य प्रेक्षकांच्या पाठीशी ठेवा. हलगी लोक जमवायला वाजवा, संवाद सुरू झाले की थांबवा, नाहीतर एक शब्द पोचत नाही. आणि प्रयोग संपताच निवेदन फिरवा. मागण्या लिहिलेला कागद, सह्यांसाठी पेन, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात कोण जाणार त्यांची नावं तिथंच जाहीर. नाटक बघून लोक हळहळले आणि घरी गेले तर अर्धंच काम झालं.

परवानग्या

रंगमंचावरच्या नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आधी बरेच दिवस पाठवा. रस्त्यावर किंवा मैदानात करताना स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू आहे का, ते त्याच वेळी विचारा. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद; वर्षातल्या काही ठरावीक दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट असते, त्यांची यादी दरवर्षी जाहीर होते.

गाण्यांचा हक्क हा वेगळा विषय. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत हक्काखाली आहे. आंबेडकरी गीतकार वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांचं तर बराच काळ. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. पण पुस्तक छापायचं, रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं, तिकीट लावायचं, तर वारसांची परवानगी घ्या. हाच न्याय आपल्या वस्तीतल्या आजीलाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हां या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या ओव्यांबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदलं. तुमच्या रेकॉर्डिंगच्या फाइलला ‘लोकगीत पारंपरिक’ असं नाव देऊन सोडू नका. नाव, गाव, तारीख, आणि कुठं वापरायला तिची हरकत नाही, हे तिच्याच आवाजात सुरुवातीला रेकॉर्ड करा.

सुरक्षितता

मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं. बालकांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘घरातलं आहे, मिटवून टाकू’ चालत नाही, मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि त्या कायद्यात बिनपगारी स्वयंसेवकही मोडतात. दहापेक्षा कमी असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता दर्शनी भागात लावा. चळवळीतले ज्येष्ठ, मोठे शाहीर, सगळ्यांचे लाडके दादा, कुणालाही यातून सूट नाही. बाहेरगावच्या कार्यक्रमाहून रात्री उशीर झाला तर प्रत्येक मुलीला दारापर्यंत सोडायचं, आणि गाडीभाडं आधीच खर्चात धरायचं.

वर्षाचा हिशेब

वर्षातून एकदा सगळ्या वस्तीला बोलावून जमाखर्च मोठ्यानं वाचा. पीडीएफ ग्रुपवर टाकून भागत नाही. कुणाला किती मानधन गेलं, कुठल्या प्रयोगानंतर काय झालं, शौचालयाचे दिवे लागले की नाही, कुठले वर्ग रिकामे राहिले. लोक टोकतील, रागावतील, जुनी भांडणं काढतील; त्यासाठी दोन तास राखून ठेवा आणि चहा दोनदा ठेवा. वाद्यांची यादीही याच सभेत वाचा, कुठली ढोलकी कुणाच्या घरी आहे ते तिथंच कळतं.

याच सभेत कार्यकारिणी निवडली गेली तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत दाखल करा. हे राहिलं की जुन्याच माणसाच्या सहीशिवाय बँकेत काही हलत नाही, आणि तो माणूस तोवर रुसून गावी गेलेला असतो.